फोन तोडण्याची सोय

मोरेश्वर काणेला एक वाईट खोड होती. कुठे काही बिघडलेलं दिसलं, की ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पुण्याच्या कंपनीने त्याला तोक्योला धाडलं होतं ते एका विमा कंपनीच्या वायरलेस फोनांची देखभाल करायला. करार मार्चअखेर संपत होता. वाढला तर तोक्योतलं निशी-कसाईचं घर राहणार, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत. आणि नेमकं आत्ताच त्याच्या बायकोला, विभाला, स्टेशनजवळच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात पार्टटाइम काम मिळालं होतं.

"काम संपलं की दुकानाचे मालक वाकून 'दमला असाल' म्हणतात," विभाने बजावलं होतं. "तुझ्या घरात हे कुणी कधी म्हटलेलं नाही. मी परत जाणार नाही. करार वाढवून आण."

करार वाढवणं हामादा-सानांच्या हातात होतं. ते तिथले बुचो, म्हणजे विभागप्रमुख. फोनवर बोलता बोलता ते चालत आणि पलीकडच्याला दिसत नसलं तरी मधूनमधून वाकत. चहाच्या खोलीकडे वळले, की खांबापाशी त्यांचा फोन बहुतेक वेळा तुटे.

"अरे, सिग्नलची पॉवर फुल कर की," पुण्याहून मॅनेजर उदय म्हणाला. "क्लायंटला सगळ्या दांड्या दिसल्या पाहिजेत."

"फुलच आहे, तेच तर दुखणं आहे. जेवण झालं तरी पानावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखा फोन लांबच्या सिग्नलच्या यंत्राला चिकटून बसतो. जवळचं यंत्र रिकामं पडलंय, तिकडे सरकतच नाही. शेवटी तुटतो. पॉवर कमी केली की आपसूक उठेल."

उदयला काही कळलं नाही, पण तो मॅनेजर असल्यामुळे त्याचं अडलं नाही. "कर, पण रिपोर्टमध्ये 'कमी' हा शब्द नको," तो म्हणाला.

मोरेश्वरने मीटिंगमध्ये बेत मांडला. हामादा-सानांनी दातांमधून सावकाश श्वास आत ओढला आणि म्हणाले, "विचार करू या."

"नाही म्हणाले ते," बाहेर आल्यावर स्वप्ना म्हणाली. ती दुभाष्याचं काम करायची आणि जपानात मुरलेली होती.

"विचार करू म्हणाले. मी विचार केलेला आहे," मोरेश्वर म्हणाला आणि त्याने पॉवर उतरवली.

फोन असा काही चालू लागला, की लिफ्टपर्यंत जा, चहाच्या खोलीत जा, खरखरसुद्धा नाही. मोरेश्वर कॉलर ताठ करून हिंडू लागला. हामादा-सान मात्र खंगत चालले. दुपारी ओसाकाहून मोठ्या साहेबांचा फोन आला, की ते त्या खांबाला प्रदक्षिणा घालू लागत. साहेबांचा गुडघा, साहेबांचं गोल्फ, साहेबांची सून. सह्या खोळंबल्या, माणसं ताटकळली. कुणी गावाहून आणलेली मिठाई वाटली, की सगळ्यांच्या टेबलांवर यायची, मोरेश्वरच्या टेबलाला वळसा घालून पुढे जायची.

"इथे वरिष्ठाच्या आधी फोन ठेवायचा नसतो," शेवटी स्वप्नानेच फोड केली. "तो खांब त्यांची अब्रू राखून सुटका करत होता. तू तीही बंद केलीस."

"मग तोंडाने सांगायचं ना!"

"काय सांगायचं? साहेबांचा फोन तोडायचाय म्हणून?"

आता विभाला काय सांगणार? काम फार चांगलं केलं म्हणून हाकललं? कराराच्या मीटिंगला तो आपणहूनच कमरेत वाकला. "चुकलं माझं. सगळं पूर्वीसारखं करून देतो."

हामादा-सानांनी कप बाजूला सरकवला. मग हळूच काहीतरी बोलले.

"पूर्वीसारखं नको म्हणतायत," स्वप्नाने सांगितलं. "पूर्वी खांबापाशी थोडी शांतता मिळायची, पण कधी मिळायची, कधी नाही. असला कच्चा माल या कंपनीत चालत नाही."

मग काय, मोरेश्वर कामाला लागला. उभ्या आयुष्यात त्याने इतक्या मनापासून काही बिघडवलं नव्हतं. खांबाभोवती सिग्नल असा मारला, की एक पाऊल अलीकडे आवाज खणखणीत आणि एक पाऊल पुढे मसणवट. हुद्द्याप्रमाणे रांग लावून सगळ्या ऑफिसने चाचणी घेतली. शेवटी टाळ्या झाल्या. मोरेश्वरच्या टेबलावर मिठाईचा तुकडा आला.

करार वाढला, तोही दोन वर्षांसाठी. बातमी उदयनेच दिली. "अभिनंदन! पण काम ओसाकाच्या मुख्य कचेरीत आहे. फोन रोज एकाच जागी कसा तुटतो, हे त्या मोठ्या साहेबांनी बरोब्बर ओळखलं."

"चिडले?"

"छे रे. त्यांना अध्यक्षांचे फोन येतात. खांब त्यांनी निवडून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात निघ."

मोरेश्वरने घरी येऊन भीत भीत सगळं सांगितलं. विभा दुकानाचा ॲप्रन इस्त्री करत होती. तिने शांतपणे घडी घातली.

"वा, छान झालं की," ती म्हणाली. "तुझी मोठी बॅग माळ्यावर आहे, काढून घे. मी इथेच राहणार."