पुलियाची पाहणी

मंगेश कळंबे यांच्या घरासमोरची पुलिया, म्हणजे नालीवरचा छोटा पूल, पोळ्याच्या सुमारास खचली. कोणी पडले नाही, कोणाला लागले नाही, त्यामुळे घटनेला शासकीयदृष्ट्या काही महत्त्व नव्हते. मधोमध एक भगदाड पडले आणि ऑटोवाल्यांनी गल्लीत यायचे सोडले. बाकीची मंडळी उडी मारून पलीकडे जात. अडचण एकाच माणसाची झाली. मंगेशचे वडील रामाजी यांच्या गुडघ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते. संध्याकाळी ऑटोने बस स्टँडवर जायचे, दोन जुन्या मित्रांबरोबर चहा प्यायचा आणि सगळ्या सरकारांना शिव्या घालून परत यायचे, एवढाच त्यांचा संसार उरला होता. तो बंद पडला. म्हातारा ओट्यावर बसून भगदाडाकडे बघू लागला.

सुनेला हे बघवेना. अलका मोहगावला इंग्रजी शिकवते, चार लोकांत तिच्या शब्दाला वजन आहे. तिने तक्रार पोर्टलवर रीतसर तक्रार नोंदवली. तक्रार चार कार्यालयांत फिरली आणि शेवटी ज्या टेबलावर येऊन बसली, ते टेबल तिच्या नवऱ्याचे निघाले. हे कार्यालय मध्य प्रदेशात पांढुर्णा आणि सौसर यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. नेमके कुठे ते सांगत नाही. नवा जिल्हा झाल्यापासून त्या कार्यालयालाही ते पटकन सांगता येत नाही.

मंगेश सरळ माणूस. घरी आला, पुलिया पाहिली, दुसऱ्या दिवशी पोर्टलवर लिहिले, ‘सीन’, म्हणजे पाहिले. कारवाईच्या रकान्यात पोर्टलला इंग्रजीच कळत होते. गल्ली मराठी, तक्रार हिंदी आणि कारवाई इंग्रजी, अशी ही वाटणी आमच्याकडे कोणाला खटकत नाही.

“साहेब, आता दुरुस्तीचं सांगून देऊ का?” त्याने विचारले.

“कळंबेजी, दुरुस्ती बांधकाम शाखेचा विषय हाये,” साहेब शांतपणे म्हणाले. “आपला विषय कारवाई. हर हफ्त्याले कारवाई दिसली पाहिजे.”

पुढच्या आठवड्यात मंगेशने पुन्हा ‘सीन’ लिहिले. पोर्टल लाल झाले. ही कारवाई पूर्वीच झालेली असून नवीन कारवाई करावी, असे त्याने बजावले. साहेबांचेही तेच मत पडले. एकच शब्द दोनदा आला म्हणजे काम ठप्प आहे, हे वरच्यांना लगेच कळते.

रात्री जेवताना मंगेशने सहज विचारल्यासारखे विचारले, “अलका, पाहिलं याले इंग्रजीत दुसरं काय म्हणतात?”

मास्तरणीला शब्द विचारला, मग काय. तव्यावरची पोळी करपली तरी अलका थांबली नाही. “सी म्हणजे निरं पाहणंच नसते. समजलं म्हणजे सी, भेटलं म्हणजे सी, डॉक्टरकडे गेलं तरी सी. पाहुण्याले दारापर्यंत पोचवलं तं तेही सीच. आन पाहणंच पाहिजे असन तं लुक, वॉच, ऑब्झर्व्ह, इन्स्पेक्ट, एक्झामिन, बिहोल्ड. कितीक सांगू?”

मंगेशचा दिवाळीपर्यंतचा प्रश्न सुटला. पुलिया इन्स्पेक्ट झाली, एक्झामिन झाली, ऑब्झर्व्ह झाली. दर कारवाईनंतर भगदाड वीतभर वाढत होते, पण पोर्टलवरचा आलेख त्याहून जोरात चढत होता. प्रत्येक कारवाईचा मेसेज तक्रारदाराच्या मोबाइलवर जाई. अलका शाळेच्या धबडग्यात मेसेज न उघडताच पुसून टाकी. एके दिवशी तिने तो उघडला.

“अहो, हे ‘बिहेल्ड’ माझं होय ना?”

मंगेशने मान खाली घातली. आता भांड्याला भांडे लागणार, याची त्याने तयारी ठेवली.

“पुलियाले बिहेल्ड नाही लागत,” अलका म्हणाली. “ते देवाच्या मूर्तीले नाहीतं हिमालयाले. इथं ‘सर्व्हेड’ टाका.”

“पण पुलिया?”

“पुलिया होईन तवा होईन. तक्रारीवर माझं नाव हाये, इंग्रजी तं बरोबर पाहिजे.”

ओट्यावरून रामाजींचा आवाज आला, “सूनबाई, दिवसभर तं मी बी पाहूनच राहिलो. मले पगार काऊन नाही?”

बापाचे संध्याकाळचे ते उतरलेले तोंड मंगेशला खरोखरच सहन होत नव्हते. रविवारी स्वतःच एक जाड फरशी आणून भगदाडावर टाकायची, असे त्याने ठरवले आणि सरळ माणूस असल्यामुळे साहेबांना विचारले. तिथेच चुकले.

“कारवाई सुरू असताना मौक्याच्या जागेवर छेडछाड?” साहेब हादरले. “आपण स्वतः शासन हाओत कळंबेजी. शासनानं घरची फरशी टाकायची?”

फरशी टाकायची राहिली. उलट जिल्ह्याच्या बैठकीत या पुलियाचे कौतुक झाले. एवढ्या प्रकारची कारवाई दुसऱ्या कोणत्याही तक्रारीवर झाली नव्हती. मंगेशला शाल मिळाली. अलकाला ‘शब्दांतून प्रगती’ या कार्यशाळेत मार्गदर्शनासाठी बोलावले, आणि ती नवी साडी नेसून गेली. कार्यशाळेत एका भाबड्या बाबूने ‘रिपेअर्ड’ हा शब्द सुचवला. तो पाहण्याचा समानार्थी शब्द नाही, हे अलकानेच त्याला समजावून सांगितले. टाळ्या पडल्या.

पण इंग्रजी भाषा झाली तरी ती किती पुरणार? शब्द संपले आणि तक्रार शेवटच्या टप्प्यावर गेली. या टप्प्यात तक्रारदाराला फोन करून तो समाधानी आहे ना, एवढे विचारतात. तो आहे म्हणाला की सगळे सुटतात.

फोन आला तेव्हा तिघेही ओट्यावर होते. रामाजींनी धुतलेली टोपी घातली होती. एखादा ऑटो चुकून आलाच तर आपण तयार असावे, म्हणून ते रोज या वेळेला घालत. अलकाने ती टोपी पाहिली आणि तिला फार लाज वाटली. आज नाही म्हणायचे, शाल आणि टाळ्या गेल्या खड्ड्यात, असे तिने मनाशी पक्के केले.

“मॅडम, आपल्या पुलियावर झालेली कारवाई वाचून दाखवते,” फोनवरची मुलगी गंभीरपणे म्हणाली. “सीन. लुक्ड. वॉच्ड. इन्स्पेक्टेड. एक्झामिन्ड. बिहेल्ड...” ती आरतीच्या संथ सुरात वाचत राहिली. ‘गेझ्ड’ला मंगेश फिसकन हसला. ‘ग्लान्स्ड’ला अलकालाही आवरेना. दोघे हसतात हे बघून बिचारे रामाजीही हसले.

“धन्यवाद,” मुलगी म्हणाली. “तक्रारदार हसला की आमच्याकडे समाधानी लिहितात. तक्रार बंद झाली.”

“अहो, ऐका तं...” अलका म्हणाली, पण फोन कटला होता. रामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा भगदाडाकडे तोंड केले.

वाचकहो, ही हकिकत वाचताना आपण कुठे एकदा जरी हसला असाल, तरी आपलीही नोंद समाधानी अशीच झाली आहे. कळावे.