मन्मथअप्पा आणि प्लगची गॅप

आम्ही घराला नवं दार बसवलं, तेव्हा अर्धापूरची आमची सगळी गल्ली बघायला आली. शेजारच्या मन्मथअप्पांनी लाकूड पाहिलं नाही, कडी पाहिली नाही. खिशातून पातळ पोलादी पट्ट्यांचं फिलर गेज काढलं, दाराच्या फटीत सरकवलं आणि म्हणाले, "सर, गॅप लई झाली."

अप्पांचा केळी वाहायचा सीएनजी ट्रक आहे. त्याच्या स्पार्क प्लगची गॅप, म्हणजे जिथं ठिणगी पडते ती टोकांमधली फट, हा अप्पांच्या जिवाला लागलेला घोर. "लई ठेवली तर लोडवर ठिणगीच पडत न्हाई. कमी ठेवली तर तिच्यात दम ऱ्हात न्हाई."

ट्रक तसा बरा चालायचा. फक्त भरलेला असला की चढावर मिसिंग मारायचा, गचके द्यायचा. दुसऱ्या कुणी मनावर घेतलं नसतं. अप्पा मात्र सकाळी प्लग काढत, टोक किंचित ठोकत, मोजत आणि गल्लीला फेरी मारत. रिकाम्या गाडीत गचका कळेना, म्हणून एका रविवारी त्यांनी शेजाऱ्यांनाच मागं हौद्यात बसवलं. "सोताला केळीचे घड समजा," म्हणाले. जाडजूड माणसं निवडून पुढं घेतली. त्यात मी होतो.

नंतर एकदा मला लग्नाला अहमदपूरला जायचं होतं. अप्पा केळी घेऊन तिकडंच निघाले होते. केबिनमध्ये मधे त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, बसल्या होत्या.

"काकू, तुम्ही पण?"

"पोरं पुण्याला. घरात एकटीला करमत न्हाई. आधी रोज यायची मी. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून गचका बसला की कळ मस्तकात जाती, म्हणून ह्येंनी आणणंच सोडलं व्हतं. आज म्हनले, चल."

मी अप्पांकडे पाहिलं. ते आरसा पुसत होते.

चढ आला. अप्पा रस्ता सोडून काकूंच्या चेहऱ्याकडे बघू लागले, त्यामुळे रस्ता मला बघावा लागला. पण ट्रक एका सुरात वर चढला. एकही गचका नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा काकूंची मान अप्पांच्या खांद्यावर कलली होती. त्या झोपल्या होत्या. अप्पांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. मीही सोडला.

अहमदपूर आलं. मार्केटकडं जायचं वळण मागं पडलं.

"अप्पा, वळण गेलं."

"म्हाईत हाय, सर," ते अगदी हळू म्हणाले. "रातच्याला पाठ झोपू देत न्हाई तिला. जरा पुढून फिरून येऊ."

लग्नाची वेळ होत आली होती. मी खिडकीची काच आवाज न करता वर केली.