भिंतरावांचा दुसरा बूट

"चाळीस पावलांवरून चेंडूची शिवण दिसायची मला! चष्मा कशाला हवा?" असं ऐटीत म्हणत भिंतराव क्लबच्या समारंभाला निघाले. ते एके काळचे नामांकित गोलकीपर. 'भिंत' हे प्रेक्षकांनी ठेवलेलं नाव. चष्म्यामुळे फोटोत आपण म्हातारे दिसतो, हे खरं कारण. बायकोला ते ठाऊक होतं.

आज ते चाळीस वर्षांचं गुपित फोडणार होते. अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी ही भिंत शिबिरातून पळाली आणि कुणाच्या तरी खिडकीतून पाइपावरून उतरताना पेपरात छापून आली! एका पायात बूट, दुसरा वरच राहिलेला. "वर कोण होती?" जो तो विचारू लागला. संघातली जागा गेली, पण भिंतरावांनी तोंड उघडलं नाही. ती होती सामन्याच्या पंचांची मुलगी! नाव फुटतं तर पंचांची नोकरी गेली असती. पुढे दोन वर्षांनी गाजावाजा न करता त्यांनी तिच्याशीच लग्न केलं. तोवर एका बुटाचं गाणं निघालं, सिनेमा निघाला, पोरं एकच बूट घालून कॉलेजात लंगडू लागली. काय दिवस होते ते! गाण्यातली 'ती' मात्र बिननावाचीच राहिली.

"आता बाबाही गेले," बायको म्हणाली होती. "एकदा तरी सांगा हो लोकांना, ती मी होते म्हणून."

व्यासपीठावर भिंतरावांनी घसा खाकरला. "ती इथेच आहे! पहिल्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीवर!"

त्याच क्षणी ते गाणं वाजलं. टाळ्या, शिट्ट्या! तिसऱ्या खुर्चीवरून जी आकृती उठली ती बायकोच्या दुप्पट होती, तेव्हा कुठे भिंतरावांना घोटाळा कळला. गाणं वेळेवर लागावं म्हणून बायको स्वतःच मागे माइकवाल्याकडे गेली होती, आणि पंख्याखालची तिची खुर्ची रिकामी दिसताच अध्यक्षांच्या सौ. तिथे सरकल्या होत्या! अध्यक्ष लालबुंद झाले. सौ. लाजल्या. नाही म्हणायचं सोडून त्यांनी चक्क हात हलवला!

"अहो, ही नव्हे!" भिंतराव ओरडले. पण गाण्यापुढे त्यांचं ऐकतो कोण?

घरी येताच बायकोने हातातली पिशवी समोर ठेवली.

"उद्याच पेपरात खुलासा देतो," ते म्हणाले.

"काय देणार? स्वतःची बायको ओळखू आली नाही म्हणून?"

तिने पिशवी उघडली. आतून निघाला एक जुना, सुरकुतलेला बूट. सगळ्यांना दाखवायला नेला होता तिने! भिंतरावांना तो चष्म्याशिवायही ओळखू आला, आणि त्यांचे डोळे भरले.

"चाळीस वर्षं सांभाळला हो," ती म्हणाली आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. "जा, आता तिला नेऊन द्या!"