नमुना अर्ज

रकाना १. अर्जदार

लिंगनोंद बदलण्याचा नवा नियम सोमवारी लागू झाला आणि हेडक्लार्कनी सवयीप्रमाणे भिंतीवर लावायला नमुना अर्ज भरला. नमुन्यात स्वतःचंच नाव घालायचं आणि खाली झोकदार सही ठोकायची, ही त्यांची सव्वीस वर्षांची रीत. मृत्यूच्या दाखल्याचा नमुनाही त्यांचाच. त्या हिशेबाने भिंतीवर ते बारा वर्षं मयत होते. 'नवी नोंद' यापुढे त्यांनी 'स्त्री' लिहिलं आणि चहाला गेले.

परत येईपर्यंत नव्या ऑपरेटरबाईंनी तो अर्ज संगणकात चढवला होता. हे त्यांना कळलं दुपारी चारला.

रकाना २. पुरावा (नव्या नियमाने रद्द)

चारला खिडकीशी एक बाई आल्या. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून निवड झालेली, पण पाचच्या आत 'स्त्री' असा दाखला दिला नाही तर जागा दुसरीला. काखेत उशीएवढी फाइल: अकरा वर्षांतले डॉक्टरांचे, समित्यांचे कागद, शेजाऱ्यांचे जबाब. हेडक्लार्कनीच ती चारदा परत पाठवली होती.

"आता फाइल नाही लागत," बाई म्हणाल्या.

"मग मी घेऊ काय?"

"माझं म्हणणं."

"ते जोडायचं कुठे?"

ऑपरेटरबाईंनी त्यांचा अर्ज चढवला, नोंद झाली. दाखला मात्र छापेना. पडद्यावर आलं: 'सही करणाऱ्याची नोंद जुळत नाही.'

"सर, दाखल्यावर सही तुमची. नोकरीच्या यादीत तुम्ही पुरुष. इथे सकाळपासून बाई."

"अहो, तो नमुना होता."

"सही होती ना. सही असली की शंका घ्यायची नाही, असं नियमात आहे."

रकाना ३. दुरुस्ती

हेडक्लार्क समोरच्या दुरुस्ती शाखेत धावले.

"चुकीची दुरुस्ती जुन्याच नियमाने," तिथला कारकून म्हणाला. "डॉक्टर, दोन शेजारी, मग समिती. ती बसते तीन महिन्यांनी."

"अरे, मी समोर उभा आहे."

"समोर सगळेच उभे असतात, साहेब."

हे वाक्य त्याला हेडक्लार्कनीच शिकवलं होतं.

परतले तेव्हा पावणेपाच होत आले होते. रेक्टरबाईंनी कोरा अर्ज पुढे सरकवला.

"पुरुष लिहा. सही करा."

"आणि पुरावा?"

"तुम्ही."

"नुसतं मी म्हणतो म्हणून? माझं घरीसुद्धा कुणी ऐकत नाही हो."

"करून तर बघा."

त्यांनी बिचकत सही केली. दोन सेकंदांत नोंद झाली, पाठोपाठ बाईंचा दाखला छापून आला.

रकाना ४. साक्षीदार (आवश्यक नाही)

बाई दाखला पर्समध्ये घालून दाराशी पोचल्या, तोच हेडक्लार्क मागून आले. हातात स्वतःचा अर्ज.

"इथे एक सही देता का? मला ओळखता म्हणून."

"साहेब, ती लागत नाही आता. तुम्ही म्हणालात, मी मानलं. संपलं."

हेडक्लार्कनी अर्ज उलटून कोरी बाजू पुढे धरली.

"तेच लेखी द्या," ते म्हणाले.