कापी बारा

भिंगारच्या शमुवेल गुरुजींच्या मागे दोनच जीव उरले: त्यांची मुलगी हन्ना आणि एक कापीबारा. दुष्काळात नगरला आलेली एक सर्कस तिथेच बुडाली. वाघ-हत्तींना गिऱ्हाईक मिळालं. डुकराएवढा, राठ केसांचा, कायम विचारात पडल्यासारखा दिसणारा हा प्राणी मात्र कोणी घेईना. गुरुजींनी घेतला. आता गुरुजी गेले होते, आणि तो रोज संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या आरामखुर्चीवर हनुवटी टेकून बसे. हन्ना त्याला उठवत नसे.

अशातच सूर्यभानच्या रेशन दुकानातून मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, बारा पोती नाहीशी झाली. चौकशी येणार म्हटल्यावर सूर्यभानला घाम फुटला. मग हन्नाच्या कुंपणापाशी त्याने प्राण्याचं नाव विचारलं, आणि घाम वाळला.

लवकरच मूषक निर्मूलन कचेरीचे निरीक्षक श्रीमंत गाडे दारात उभे राहिले. मागे सूर्यभान.

"बाई, याचं नाव?"

"कापीबारा."

"बघा साहेब! मालकीनच सांगती, कापी बारा! बाराच्या बारा पोती कापली की वो यानं!"

"अहो, तो गवत खातो. गरीब आहे."

"गरीब असू द्या. जात कुठली?" साहेब म्हणाले. "डुक्कर असल्यास आमच्या कक्षेत येत नाही."

हन्ना वाचणारी बाई. चुकीची माहिती तिच्याच्याने ऐकवत नसे. "डुक्कर नाही. उंदराच्याच कुळातला, जगातला सर्वांत मोठा," ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

जन्मभर चिचुंद्र्या हाताळलेल्या साहेबांचा चेहरा उजळला. "मग निर्मूलन आलं. शेपूट कचेरीत जमा करा. शेपटीशिवाय मेलेला उंदीर आम्ही मेलेला धरत नाही."

"माझ्या वडिलांचा आहे हो तो."

"वडिलांना बोलवा."

"ते गेले."

"कधी येतील?"

हन्ना खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब, याला शेपूटच नाही."

साहेब प्राण्याच्या मागे जाऊन वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. तेवढ्यात प्राण्याने त्यांच्या पिशवीतली मेथीची जुडी संपवली.

"शेपूट नाही, म्हणजे ते आधीच जमा झालंय. जमा झालं, म्हणजे निर्मूलन झालं. बाई, हा मेलेला आहे."

"मग मेथी कुणी खाल्ली?"

"मयताची चौकशी आम्ही करत नाही," साहेब म्हणाले आणि रिकामी पिशवी घेऊन निघाले.

कापीबारा वाचला. पण कचेरीला हा हिशेब इतका आवडला की परिपत्रकच निघालं: ज्यास शेपूट नाही, त्याचे निर्मूलन झाले असे समजावे. जिल्ह्याचं उद्दिष्ट एका सकाळीत पुरं झालं. सूर्यभानने परिपत्रक दुकानावर चिकटवलं. हन्ना पिशवी घेऊन आली, तेव्हा तो तराजूला हातसुद्धा लावेना.

"हन्नाबाई, शेपूट हाय का?"

"काय?"

"न्हाई ना? मग तुमी मयत. मयताला रेशन कसं द्यायचं? मला नोकरशाहीची लई भीती वाटती बघा."

"बरं झालं," हन्ना पिशवीची घडी घालत म्हणाली. "घरातले सगळे एकाच बाजूला आलो."

रांग खदखदून हसली. मग एकेकाचा हात हळूच स्वतःच्या मागे गेला, आणि हसू थांबलं.

वाचकहो, तुम्हीही चाचपून घ्या. हाती काही लागलं नाही तरी काळजी नको. तुमच्या वाट्याचं पोतं सूर्यभानकडे सुखरूप आहे.