फलनिष्पत्तीचा रकाना

"साहेब, खरी लिहायची का चांगली?"

वैजनाथ गुरुजींनी भर शिक्षण परिषदेत हात वर करून हे विचारलं, आणि शेजारच्या एकोणतीस मास्तरांनी एकदम माना खाली घातल्या.

केंद्रप्रमुख माणिकप्पा साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "वरून आदेश हाय गुरुजी. हरेकानं आपल्या वर्गातली एक केस स्टडी लिहून द्यायची. खरा वर्ग, खरं लेकरू, खरी अडचण. त्याच्यावर बाकीच्या मास्तरांचं प्रशिक्षण होणार. खरी म्हंजे खरी!"

एकोणतीस जणांनी गेल्या वर्षीची खरी केस काढून तिच्यावर यंदाची तारीख टाकली. वैजनाथ गुरुजी मात्र सरळ माणूस. ते घरी जाऊन खरंच लिहायला बसले.

गुरुजींचं गाव बोरगुंडी. निलंग्याहून आत, कर्नाटकाच्या शिवेला इतकं टेकलेलं, की गावचा कोंबडा मराठीत आरवतो आणि कोंबडी त्याला कानडीत झापते. शाळेला दोन खोल्या, चार वर्ग आणि दोन शिक्षक. एक शिल्पा मॅडम, दुसरे गुरुजी. मुख्याध्यापकही तेच, कारण खुर्ची एकच होती आणि तिचा मोडका पाय त्यांनाच सांभाळता येई.

चौथीत राजकन्या नावाची पोरगी होती. हॉर्न ऐकून एसटी निलंगा डेपोची की उदगीरची ते सांगायची, पण पुस्तक उघडलं की मुकी. तिच्या आजीनं, नागाबाईनं, शाळेच्या दारात उभं राहून निकाल देऊन टाकला होता. "उन्हाळ्यापोतर वाचाया लागली तर निलंग्याला पाचवीत घालते. न्हाईतर घरी शेळ्या हायेत. शेळ्यास्नी वाचून दावावं लागत न्हाई."

"वाचेल. मी शब्द देतो," गुरुजी म्हणाले होते. त्यांना सलग वीस दिवस हवे होते, बस्स. तेवढेच मिळत नव्हते.

म्हणून त्यांनी लिहिलं : 'विद्यार्थिनी क हिला वाचता येत नाही. कारण शिक्षक अ वर्गात नसतो. साठ दिवसांपैकी एकतीस दिवस तो सर्वेक्षण, बैठका, माहिती भरणे व प्रशिक्षण यांत होता. उपाय : शिक्षक अ यास वर्गात ठेवावे. फलनिष्पत्ती : अजून नाही.' कुणीतरी वर वाचेल आणि आपल्याला वीस दिवस विसरून जाईल, एवढीच त्यांची आशा.

माणिकप्पा साहेबांना केस आवडली. अडचण शेवटच्या ओळीची होती.

"गुरुजी, फलनिष्पत्तीच्या रकान्यात 'नाही' चालत न्हाई. संगणक लाल होतो. आकडा मागतो."

"शून्य टाका."

"टाकलं की. शून्यालाबी लाल होतो."

शेवटी साहेबांनी वैतागून शंभर टाकले. संगणक हिरवागार झाला. बाकीच्यांनी लाजेकाजेस्तव नव्वद-पंच्याण्णव टाकले होते. शंभर एकट्या बोरगुंडीचे. मग काय विचारता! मंगळवारी निघालेलं पत्र सोमवारीच येऊन थडकलं : निवड झाली, विष्णुपुरीला पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणास हजर राहावे.

तिथं गुरुजींचीच केस गटागटात वाटली. नावं गुप्त असल्यामुळं गुरुजीही एका गटात बसले आणि 'शिक्षक अ'चे दोष शोधू लागले.

"ह्या अ मध्ये तळमळच न्हाई," एक जण म्हणाला.

"कामचुकार हाय. एकतीस दिवस बाहेर म्हंजे काय?"

"तो प्रशिक्षणाला गेला असेल," गुरुजी हळूच म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात. लिहा हो!"

गटात अक्षर चांगलं गुरुजींचंच. त्यांनी स्केचपेननं मोठ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं : 'शिक्षक अ यास विद्यार्थ्यांविषयी आत्मीयता नाही.' खाली दोन रेघा मारल्या. त्या कागदाला पहिला नंबर मिळाला.

नंबर मिळाला म्हणून तज्ज्ञ केलं. तज्ज्ञ केलं म्हणून बिलोली, देगलूर, उदगीर, औसा असे दौरे लावले. वीस दिवस हवे होते, ते मिळाले. फक्त गुरुजी वर्गाबाहेर होते. एका सकाळी पोषण आहार शिजवणाऱ्या केवळाबाईनं त्यांना फाटकात अडवलं.

"कुठं जालालाव गुरुजी?"

"लेकरांना वाचता का येत नाही, ते सांगायला."

"मंग हितंच बसा की. न सांगता दिसतंय."

गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली. एसटी आली होती.

फेब्रुवारीत बिलोलीला असताना फोन आला. शंभर टक्के वाचणारी मुलगी बघायला उद्या पथक येणार. गुरुजींच्या हातातला चहा थंड झाला. राजकन्येला 'कमळ'पुढं काही येत नव्हतं. नोकरी जाईल ती जाईल, पण पोरगी सगळ्यांसमोर मुकी उभी राहील आणि नागाबाई तिथंच शेळीची दोरी तिच्या हातात देईल.

दुसऱ्या दिवशी ते पथकाच्या जीपमधूनच गावात उतरले. पथकप्रमुख दीपमाला मॅडमनी राजकन्येला उभं केलं आणि कोरं करकरीत पुस्तक तिच्या हातात दिलं. गुरुजींनी डोळे मिटले.

राजकन्येनं वाचलं. अर्धं पान, एका दमात, जोडाक्षरांसकट.

"शाब्बास! कुणी शिकवलं?"

"केवळामावशीनं."

केवळाबाई दारातच होती. पळी हातात. "मला कुठं वाचाया येतंय बाई! नव्या पदार्थांचा कागद आला, रोज येगळं शिजवा म्हणून. गुरुजी फिरतीवर. शिल्पा मॅडमच्या गळ्यात चारी वर्ग. मंग हिला चुलीपाशी बसिवली. म्हणलं, वाच. तू वाचल्याबिगर फोडणी न्हाई. पयल्या दिशी जेवायला चार वाजले. सगळी शाळा हिच्याभोवती, अडलं अक्षर सांगाया. 'राजे, लवकर वाच की गं, पोटात कावळे वरडालेत!'"

दीपमाला मॅडम गुरुजींकडं वळल्या. "आणि या काळात तुम्ही नेमकं काय केलंत?"

"मी नव्हतो," गुरुजी म्हणाले. खरी केस म्हणजे खरी.

मॅडमनी लिहून घेतलं : 'शिक्षकाची नियोजनपूर्वक अनुपस्थिती.'

आठवड्यात दोन पत्रं आली. पहिलं केवळाबाईला : तज्ज्ञ म्हणून विष्णुपुरीला हजर राहावे, नंतर बिलोली, देगलूर, उदगीर, औसा. तिनं राजकन्येकडून ते दोनदा वाचून घेतलं, नवं लुगडं नेसली आणि गेली. दुसरं गुरुजींना : आता दौरे बंद. शिक्षक अ यास वर्गात ठेवावे. मात्र केवळाबाई परत येईपर्यंत आहार शिजवण्याची पर्यायी व्यवस्था मुख्याध्यापकांनी करावी.

मार्चच्या उन्हात गुरुजी बाह्या सारून पातेलं ढवळत होते. उंबऱ्यावर राजकन्या कागद वाचत होती.

"'मीठ चवीनुसार', गुरुजी."

"म्हणजे किती?"

"ते लिव्हलं न्हाई. मावशीला ठावं."

नागाबाई फाटकातून आत आली. तिनं नातीकडं पाहिलं, धुरातल्या गुरुजींकडं पाहिलं. "पाचवीत घालते. दाखला द्या." मग जाता जाता म्हणाली, "पर जूनलाच न्यावं म्हंते. ही गेल्यावर तुम्हाला सैपाक कोण शिकवंल?"

तेवढ्यात शिल्पा मॅडमनी वर्गातून एक नवा छापील नमुना पाठवला. चूल सोडता येईना म्हणून गुरुजींनी तो राजकन्येकडंच दिला. ती मोठ्यानं वाचत, एकेक रकाना गुरुजींना विचारून भरू लागली. शाळा, वर्ग, उपक्रम. शेवटी पेन थांबलं.

"गुरुजी, फलनिष्पत्तीत काय लिव्हू?"

गुरुजींनी पातेल्यात डोकावलं. खिचडी खाली धरली होती. करपल्याचा वास वर्गापर्यंत गेला होता.

"शंभर लिही, बाई."