दगडूअप्पांचा गोळ्यांचा डबा

आमच्या दूध संस्थेत दूध मोजून घेणारे दगडूअप्पा रोज सकाळी प्रत्येक घरच्या दुधाचं दही लावत. खायला नव्हे, पुरावा म्हणून. खिडकीत छोट्या वाट्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीखाली सभासदाच्या नावाची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी ज्याची वाटी पातळ राहिली, त्याची किटली खाली ठेवायच्या आतच अप्पा ओरडत, "काय बे, म्हशीला सुई टोचली ना? मंग ते दूध हितं कावून आणलंस?" जनावराच्या सडाला सूज आली की जंतू मारायचं इंजेक्शन देतात. ते औषध दुधात उतरतं आणि विरजण लागत नाही. समोरचा शपथा घ्यायला लागला की अप्पा वाटी तिरकी करून दाखवत. "दही खोटं बोलत न्हाई."

मी त्या संस्थेचा सचिव. सही माझी, शिक्का माझा, दरारा मात्र अप्पांचा. लोक मला नमस्कार करत आणि अप्पांना घाबरत. मला त्याचा रागही येई, पण अप्पांसमोर राग काढायची माझी छाती नव्हती.

आता गंमत बघा. दुधात औषधाचा थेंब न खपवणाऱ्या या माणसाच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात गावभरच्या उरलेल्या गोळ्या होत्या. ताप उतरला की माणसं गोळ्या बंद करत आणि राहिलेल्या अप्पांना आणून देत. तशी त्यांची ताकीदच होती. "दोन गोळ्यांत काम झालं तर पाच कावून गिळायच्या? ठिवा. दुसऱ्याला लागतील." पुड्यांवर ते पेन्सिलीनं लिहीत: घसा. हगवण. ताप, साधा. ताप, गेवराईचा. गेवराईच्या डॉक्टरनं दिलेली गोळी ती 'गेवराईची', आणि तिचा मान मोठा. माझा घसा बसला तेव्हा मीही त्या डब्यातल्या दोन गोळ्या खाल्ल्या, वर अप्पांचे आभार मानले. शिकलेला माणूस मी!

त्या वर्षी पाऊस नव्हताच. टँकर यायचा तो आठवड्यातून एकदा. अप्पांच्या घरात पाणी आलं की चार कामं केल्याशिवाय बाहेर पडत नसे. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, त्यात पाय धुवायचे, मग ते लिंबाच्या रोपाला. असं जगणाऱ्या माणसाला बरं वाटल्यावर गोळ्या गिळणं म्हणजे भरल्या पोटी दुसऱ्यांदा जेवण्यासारखं वाटे.

सोजरकाकू म्हणजे अप्पांची बायको. त्यांना साखरेचं दुखणं होतं. म्हशीसाठी कडबा तोडताना त्यांच्या पायाला विळा लागला. जखम ड्रममधल्या शिळ्या पाण्यानं धुतली. अप्पांनी डब्यातल्या दोन गोळ्या दिल्या, सूज उतरली, गोळ्या बंद. पंधरा दिवसांनी सूज पुन्हा आली. पुन्हा दोन. तिसऱ्यांदा पाय काळवंडला तेव्हा बीडला नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी एकही चुकवायची नाही."

आयुष्यात पहिल्यांदा अप्पांनी कुणाचं तरी ऐकलं. सकाळ-संध्याकाळ स्वतः गोळी काकूंच्या तळहातावर ठेवत आणि संस्थेत आल्या आल्या मला सांगत, "दिली बरं का, सेक्रेटरी."

तरी काकू पुन्हा तापल्या. पुन्हा बीडला नेलं, तेव्हा मीही सोबत होतो. जखमेतले जंतू काचेच्या ताटलीत वाढवून त्यांच्यावर एकेक औषध लावून बघतात, असं डॉक्टर सांगत होते. "म्हंजे तुमी बी वाट्या लावता," अप्पा म्हणाले. मग कागद आला. औषधांची उभी यादी आणि एक सोडून प्रत्येकापुढे एकच शेरा: लागू नाही.

"हा जंतू पाण्यात, मातीत असतोच," डॉक्टर म्हणाले. "धडधाकट माणसाच्या वाटेला तो जात नाही. शरीर खचलेलं दिसलं की शिरतो. आणि अर्धवट औषधानं मरत नाही, निबर होतो."

"अर्धवट कसं? मी सोता देत होतो की!"

"आधी किती वेळा काय दिलंत?"

अप्पांनी डब्यातल्या गोळ्यांचं सांगितलं. जंतू नेमका कधी निबर झाला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, असं डॉक्टरच म्हणाले. उरलेलं एक औषध सुरू केलं. तेही पुरं पडलं नाही. सहाव्या दिवशी काकू गेल्या.

मी हताश झालो होतो. चिडलोही होतो, पण कुणावर चिडावं ते आजही मला कळलेलं नाही.

दिवसकार्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. डबा अप्पांनी बीडच्या दवाखान्यात नेऊन दिला होता. पुढ्यात काकूंची पानाची चंची होती. त्यांनी ती माझ्यासमोर उलटी केली. सुपारीच्या खांडांबरोबर आठ गोळ्या पडल्या. बीडच्याच.

"दवाखान्यात मला म्हनली, आवो, तुमाला दर साली खोकला होतो. माझ्या चंचीत चांगल्या गोळ्या ठिवल्यात, बीडच्या. मला वाटलं, तापात बरळती." अप्पांनी गोळ्या एकेक करून परत आत टाकल्या. "मी गोळी हातावर ठिवायचो आन् पाणी घ्यायला ड्रमाकडं वळायचो, सेक्रेटरी. तेवढ्यात ती चंचीत..."

त्यांनी चंचीची दोरी आवळली.

आता संस्थेत वाट्या मी लावतो. अप्पा नुसते खिडकीशी बसतात. परवा एकाची वाटी पातळ राहिली, तो शपथा घेऊ लागला आणि अप्पांनी मान खाली घातली. त्यांना खोकला लागलाय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत. उबळ आली की खिशातली चंची काढतात, वरूनच गोळ्या चाचपतात आणि दोरी पुन्हा आवळतात.

"तिनं ठिवल्यात," एवढंच म्हणतात, आणि खोकत राहतात.